नवी चिप, तेच गणित: 'आर' भाषा दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेताना काय काय निसटतं

ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं की मॅकओएसची 'टाहो' ही आवृत्ती इंटेल चिपच्या मॅकसाठी शेवटची असेल. इंटेलसाठी बनवलेले प्रोग्राम नव्या मॅकवर चालवून देणारी 'रोझेटा' ही सोयसुद्धा आता फार काळ पूर्ण स्वरूपात राहणार नाही. नव्या मॅकमध्ये इंटेलऐवजी एआरएम या वेगळ्या रचनेची चिप असते, आणि विंडोजचे लॅपटॉपही एआरएम चिपवर येऊ लागलेत. रिस्क-फाइव्ह नावाची, कुणालाही वापरता येईल अशी चिपची रचना हळूहळू पाय रोवते आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत बरंच जुनं सॉफ्टवेअर नव्या चिपवर हलवावं लागणार आहे.

चॅट करण्याच्या किंवा फोटो पाहण्याच्या ॲपबद्दल आपण एवढंच विचारतो, की ते चालतंय ना? आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरला मात्र पुढचा प्रश्नही विचारावा लागतो. माहिती तीच, प्रोग्राम तोच आणि चिप नवी असेल, तर उत्तरही तेच येईल का? बहुतेक वेळा येतं. जिथे येत नाही तिथे नेमकं काय होतं, ते 'आर' या भाषेच्या उदाहरणातून पाहू. औषधांच्या चाचण्या, साथीच्या रोगांचे अंदाज, जनुकांचा अभ्यास, अर्थशास्त्र अशा कितीतरी ठिकाणचे आकडे या भाषेतून निघतात, त्यामुळे ज्यांनी कधी प्रोग्रामची एक ओळही लिहिली नाही त्यांच्यापर्यंतही हा विषय येऊन पोचतो.

## 'आर' म्हणजे काय?

आर ही संख्याशास्त्रासाठी बनवलेली प्रोग्रामिंगची भाषा आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं काम सुरू केलं. त्याआधी बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात 'एस' नावाची भाषा तयार केली होती. आरची धाटणी तिच्यावरूनच आली. १९९५ मध्ये आर खुल्या परवान्याखाली आली. तिचा सोर्स कोड, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर, तेव्हापासून कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि वाटता येतो. १९९७ पासून 'आर कोअर' हा छोटा गट तिची देखभाल करतो. १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली.

भाषेचा गाभा लहान आहे. तिची खरी ताकद जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या जोड-प्रोग्राममध्ये आहे. त्यांना पॅकेज म्हणतात. 'क्रॅन' या अधिकृत भांडारात अशी वीस हजारांहून जास्त पॅकेजं आहेत.

## पोर्ट करणं म्हणजे नुसतं कॉपी करणं नव्हे का?

नव्हे. आरचा गाभा तीन भाषांत लिहिलेला आहे: सी, फोर्ट्रान आणि खुद्द आर. सी आणि फोर्ट्रानमधला मजकूर चिपला थेट कळत नाही. कंपायलर नावाचा प्रोग्राम त्याचं त्या त्या चिपच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो. इंटेलच्या आज्ञा वेगळ्या आणि एआरएमच्या वेगळ्या. त्यामुळे जुन्या मशीनवरची तयार फाइल उचलून नव्यावर ठेवली, तर ती चालत नाही. मूळ मजकूर नव्या कंपायलरमधून काढावा लागतो आणि मग तो बरोबर वागतो का, हे तपासावं लागतं. या सगळ्या कामाला पोर्ट करणं म्हणतात.

पहिली अडचण अनेकदा अगदी साधी असते, कंपायलरच नसतो. नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलचे एम-वन चिपचे मॅक बाजारात आले. सी भाषेचा कंपायलर ॲपलनेच दिला होता, पण फोर्ट्रानचा देत नाही. खुला जीएनयू फोर्ट्रान कंपायलर त्या चिपसाठी तेव्हा फक्त प्रायोगिक अवस्थेत होता. फोर्ट्रानशिवाय आर उभी राहत नाही, कारण मॅट्रिक्सची, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांची, जड आकडेमोड करणारी 'लापॅक' ही जुनी आणि पारखून घेतलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संग्रह, फोर्ट्रानमध्ये आहे. तो प्रायोगिक कंपायलर हाताशी धरून काम पुढे गेलं आणि मे २०२१ मधल्या ४.१.० आवृत्तीबरोबर नव्या मॅकसाठी थेट चालणारी आर उपलब्ध झाली. मधल्या काळात लोक इंटेलची आर रोझेटातून चालवत होते.

## एकच बेरीज, दोन उत्तरं

आता खऱ्या विषयाकडे येऊ. आरमध्ये 'सम' नावाचं बेरजेचं फंक्शन आहे. त्याला तीन संख्या द्या: एकावर सोळा शून्यं असलेली संख्या, मग १, आणि मग तीच मोठी संख्या उणे करून. उत्तर १ यायला हवं. इंटेलच्या नेहमीच्या मशीनवर १ येतं. नव्या मॅकवर थेट चालणाऱ्या आरमध्ये ० येतं.

दोन्ही चिप शाबूत आहेत आणि कोडही तोच आहे. फरक आहे तो संख्या साठवण्याच्या जागेत. कॉम्प्युटर अपूर्णांक आणि मोठ्या संख्या सहसा ६४ बिटांत साठवतो (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारा सर्वांत लहान कप्पा). त्यात साधारण सोळा अंकांपर्यंतची अचूकता मिळते. एकावर सोळा शून्यं म्हणजे सतरा अंकी संख्या, तिथे तिच्यात मिळवलेला १ मावत नाही, गळून जातो. इंटेलच्या चिपमध्ये मात्र ८० बिटांची एक जुनी सोय आहे, तिच्यात साधारण एकोणीस अंक मावतात. आरचं 'सम' मधली बेरीज जिथे शक्य असेल तिथे या जास्त रुंद जागेत करतं आणि शेवटचं उत्तर तेवढं ६४ बिटांत आणून ठेवतं. एकाने कच्च्या कागदावर पाच दशांश स्थळं ठेवून बेरीज केली आणि दुसऱ्याने दोनच ठेवली, तर पक्क्या वहीत दोघांची उत्तरं कधीकधी शेवटच्या अंकात वेगळी दिसतील, तसंच हे आहे. मॅकच्या एआरएम चिपवर तो रुंद कच्चा कागदच नाही. एआरएमवरच्या लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर उलटी परिस्थिती आहे. तिथे ही जागा १२८ बिटांची असते, पण तिचं गणित सॉफ्टवेअरमधून होत असल्याने वेळ जास्त लागतो.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्याच इंटेल मशीनवर 'सम' न वापरता तीच बेरीज साध्या अधिक-उणे चिन्हांनी केली, तर उत्तर ० येतं, कारण प्रत्येक पायरीला उत्तर ६४ बिटांत बसवलं जातं. मतभेद फक्त दोन मशीनमध्येच नसतो, एकाच मशीनवरच्या दोन वाटांमध्येही असू शकतो. नव्या मॅककडे बोट दाखवण्याआधी हे पाहून घ्यायला हवं.

## शेवटच्या अंकाने एवढं काय बिघडतं?

हा आक्षेप रास्त आहे. सरासरीच्या पंधराव्या अंकात फरक पडला म्हणून कुठलं औषध घातक ठरत नाही. पण आकडा पुढे कुठे जातो, त्यावर सगळं अवलंबून असतं. प्रोग्राममध्ये 'हा आकडा बरोबर शून्य असेल तर हे कर, नाहीतर ते कर' अशी अट असेल, तर शेवटच्या अंकातला फरक वाटच बदलून टाकतो. एकाच उत्तराकडे पायरी पायरीने सरकणाऱ्या पद्धतींमध्येही हे होतं. एक मशीन चाळीस पायऱ्यांत थांबतं, दुसरं एकेचाळीस घेतं, तर तिसरं 'उत्तर सापडलं नाही' असं सांगून मोकळं होतं.

म्हणूनच क्रॅनवर पॅकेजांच्या ज्या जादा तपासण्या होतात, त्यात ही रुंद जागा मुद्दाम बंद करून घेतलेली एक तपासणी आहे. एखादं पॅकेज तिथे नापास झालं, तर त्याच्या लेखकाने नकळत त्या जादा अंकांवर भरवसा ठेवला होता, हे उघड होतं. नवी चिप सहसा चूक निर्माण करत नाही. कोडमध्ये आधीपासून बसलेलं गृहीतक ती उघडं पाडते.

## 'माहिती नाही' हेच हरवलं तर?

संख्याशास्त्रात रिकामी जागा फार महत्त्वाची असते. एखाद्या रुग्णाचं वजन नोंदलेलंच नाही, हे ० लिहून सांगता येत नाही. आरमध्ये त्यासाठी 'एनए' अशी खास खूण आहे. तिच्याशी मिळतीजुळती दुसरी खूण म्हणजे 'नॅन'. शून्याला शून्याने भागलं की जे अर्थहीन उत्तर येतं, त्यासाठी ती वापरतात. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. पहिलीत माहिती मिळालेली नाही, दुसरीत गणितच बसलेलं नाही.

अडचण अशी की, चिपला यातली फक्त नॅन माहीत आहे. एनए ही कल्पना आरची आहे. मग ती साठवायची कुठे? नॅनच्या ६४ बिटांमध्ये बरेच बिट मोकळे राहतात. त्यांत काय लिहिलं आहे, याने चिपला फरक पडत नाही. आरने त्या मोकळ्या जागेत १९५४ हा आकडा लिहून ठेवला. ते रॉस इहाका यांचं जन्मवर्ष आहे. नॅनमध्ये १९५४ सापडलं की आर तिला एनए मानते.

या युक्तीत एक गृहीतक आहे: एनएमध्ये ५ मिळवले तरी चिप तो १९५४ जसाच्या तसा उत्तरात उतरवेल. इंटेल आणि नेहमीच्या एआरएम चिप तसं करतात. रिस्क-फाइव्हच्या नियमपुस्तकात मात्र उलट लिहिलं आहे. तिथे कुठल्याही गणिताचं उत्तर नॅन आलं, की चिप एकच ठरावीक, कोरी नॅन देते. १९५४ पुसला जातो आणि 'माहिती नाही'चं 'अर्थहीन उत्तर' होऊन बसतं. प्रोग्राम बंद पडत नाही, इशाराही येत नाही.

पूर्णांकांच्या बाबतीत हा घोळ होत नाही, कारण तिथे एनए ओळखण्याचं काम आर स्वतः प्रत्येक वेळी करते. अपूर्णांकांबाबत ते चिपवर सोडलं आहे, ते वेगासाठी. आणि हे लपवलेलंही नाही. एनए आणि नॅन एकाच गणितात आल्या, तर उत्तर यातलं कोणतं येईल याची हमी नाही, मशीनप्रमाणे ते बदलू शकतं, असं आरच्या अधिकृत मदतीच्या पानात स्पष्ट लिहिलं आहे. 'हे रिकामं आहे का?' असं विचारणारं आरचं फंक्शन दोन्ही खुणांना हो म्हणतं, त्यामुळे बऱ्याच कामांत फरक जाणवत नाही. ज्याच्या कोडमध्ये या दोघींना वेगळी वागणूक आहे, त्याने मात्र जपून राहावं.

## चिप तीच, तरीही पोर्ट?

पोर्ट करायला चिप बदलावीच लागते असं नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर सी भाषेतला 'लाँग' हा पूर्णांकाचा प्रकार ३२ बिटांचा असतो, लिनक्स आणि मॅकवर तोच ६४ बिटांचा. लिनक्सवर लिहिलेल्या पॅकेजात कुणी मोठी संख्या 'लाँग'मध्ये ठेवली, तर विंडोजवर ती मावत नाही आणि उत्तर भलतंच येतं. 'कॅर' या एका अक्षराच्या जागेत ऋण संख्या ठेवता येते की नाही, हेसुद्धा सगळीकडे सारखं नाही. इंटेलवर ठेवता येते, एआरएमच्या लिनक्सवर सहसा येत नाही. 'फाइल संपली' हे सांगायला सी भाषा उणे एक वापरते. ते 'कॅर'मध्ये घेऊन तपासणारा कोड एआरएमवर फाइलचा शेवट कधीच ओळखत नाही आणि फिरतच राहतो.

विंडोजवरचं मोठं स्थलांतर एप्रिल २०२२ मध्ये ४.२.० आवृत्तीत झालं. त्याआधी तिथे आर जुन्या सी रनटाइमवर उभी होती, म्हणजे फाइल उघडणं आणि अक्षरं हाताळणं यांसारखी मूलभूत कामं करणाऱ्या जुन्या लायब्ररीवर. तिला यूटीएफ-८ ही सर्व लिपींना सामावणारी पद्धत मूळ म्हणून चालत नसे. देवनागरी मजकूर आत घेतला, की कितीतरी ठिकाणी अक्षरांऐवजी कंसातले सांकेतिक आकडे दिसत. नव्या रनटाइमवर जाणं हा उपाय होता, पण एकाच प्रोग्राममध्ये दोन रनटाइम सुरक्षितपणे मिसळता येत नाहीत. त्यामुळे आर, पॅकेजं आणि त्यांना लागणाऱ्या बाहेरच्या सी लायब्ररी असं सगळंच नव्याने कंपाइल करावं लागलं. वापरणाऱ्याला यातलं फक्त एक दिसलं: अक्षरं नीट उमटू लागली. माझ्या मते आरच्या अलीकडच्या इतिहासातलं हे सर्वांत कमी कौतुक झालेलं काम आहे.

## वर्षानुवर्षं चालणारा कोड अचानक का कोसळतो?

२०१९ची एक घटना यासाठी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. जीएनयू फोर्ट्रानच्या नव्या आवृत्त्यांनी कंपाइल केलं, की लापॅक वापरणारी काही पॅकेजं विचित्र वागू लागली. कोडमध्ये कुणीच काही बदललेलं नव्हतं.

मूळ कारण असं. फोर्ट्रानच्या फंक्शनला अक्षरं पाठवली, की त्यांच्याबरोबर 'किती अक्षरं आहेत' हा आकडाही पाठवावा लागतो. फोर्ट्रान लिहिणाऱ्याला तो दिसत नाही, कंपायलर स्वतःच जोडतो. सी भाषेतून फोर्ट्रानला हाक मारताना मात्र तो हाताने द्यावा लागतो. लापॅकला पाठवायचं असतं एकच अक्षर, मॅट्रिक्सचा वरचा भाग घ्यायचा की खालचा, एवढंच सांगणारं. एकाच अक्षराची लांबी कशाला सांगायची, म्हणून सी लिहिणारे ती सरसकट गाळत. आरनेही गाळली, इतरही अनेक प्रसिद्ध सॉफ्टवेअरनी गाळली. ती लांबी कुणी वाचतच नव्हतं, त्यामुळे दशकानुदशकं सगळं सुरळीत चाललं.

मग कंपायलर जास्त हुशार झाला. एखादं फंक्शन शेवटची ओळ म्हणून दुसऱ्या फंक्शनला हाक मारत असेल, तर नवी जागा घेण्याऐवजी आपल्याला मिळालेलीच जागा तो पुढच्यासाठी वापरू लागला. त्या जागेत लांबीचाही कप्पा असणार, असं तो नियमाप्रमाणे धरून चालला. सी कोडने तो कप्पा दिलेलाच नव्हता. लांबीचा '१' जिथे लिहिला गेला, तिथे प्रत्यक्षात दुसऱ्याच कुणाची माहिती होती.

अशा चुकीचा माग काढणं अतिशय कठीण असतं, कारण प्रोग्राम कोसळतो एकीकडे आणि घाव बसलेला असतो दुसरीकडे. सोर्स कोड वाचून ती दिसतही नाही. चिपच्या पातळीवरच्या आज्ञा एकेक करून चालवत, ती जागा नेमकी कधी बदलली, ते पाहावं लागतं. कारण कळल्यावर फोर्ट्रानच्या कंपायलरने जुन्या कोडला सांभाळून घेणारा पर्याय दिला आणि आरने पुढच्या आवृत्त्यांमध्ये लांबी रीतसर पाठवायची सोय केली. मग चूक कुणाची? नियम बघितला तर सी लिहिणाऱ्यांची. पण इतका सर्रास वापर असलेला कोड एका सुधारणेने मोडतो, तेव्हा नियमावर बोट ठेवून हात झटकणं योग्य नव्हे. दोन्ही बाजूंनी वाट काढली, हे मला या गोष्टीतलं सगळ्यांत मोलाचं वाटतं.

## मग चुका शोधतात कशा?

डीबगिंगची, म्हणजे चुका शोधून दुरुस्त करण्याची, अर्धी लढाई म्हणजे चूक हमखास पुन्हा घडवून आणणं. हजारात एकदा कोसळणारा प्रोग्राम दुरुस्त करता येत नाही, प्रत्येक वेळी कोसळणारा येतो.

आर नको असलेली मेमरी अधूनमधून आपोआप मोकळी करते. सी कोडमध्ये 'ही वस्तू मला अजून हवी आहे' असं सांगायचं राहून गेलं, तर ती वापरात असतानाच मोकळी होऊ शकते. पण सफाई नेमकी त्याच क्षणी झाली, तरच बिघाड दिसतो. म्हणून आरमध्ये 'जीसी-टॉर्चर' नावाची सोय आहे. ती चालू केली, की मेमरी मागितली जाईल त्या प्रत्येक वेळी सफाई होते. प्रोग्राम कमालीचा मंदावतो, पण दडलेली चूक लगेच वर येते. जोडीला 'व्हॅलग्राइंड' आणि 'ॲड्रेस सॅनिटायझर' ही साधनं असतात. आपली नसलेली मेमरी कुणी वाचली किंवा लिहिली, की ती तिथल्या तिथे ओळ क्रमांकासह दाखवतात. या तपासण्याही क्रॅनच्या नेहमीच्या फेऱ्यांत आहेत.

## फुकटच्या सॉफ्टवेअरवर एवढा विश्वास ठेवावा का?

ही शंका मोठ्या संस्थांमध्येही ऐकू येते. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमागे निदान जबाबदार कंपनी असते, असं म्हणतात. ते खरं आहे, आणि आर कोणतीही वॉरंटी देत नाही, हेही खरं. पण वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी बाहेरच्या माणसाला पडताळता येतात त्या कोड खुला असल्यामुळेच. १९५४ कुठे लिहिला आहे, 'सम' किती बिटांत बेरीज करतं, हे तुम्ही स्वतः उघडून वाचू शकता. बंद सॉफ्टवेअरमध्येही चिप बदलल्यावर हेच प्रश्न येतात, फक्त त्यांची उत्तरं तुमच्या हातात नसतात.

## जुनंच वातावरण जपून ठेवलं तर?

जुनी आर आणि जुनी पॅकेजं एका डब्यात बंद करून चालवत राहण्याचा मार्ग आहे, त्याला कंटेनर म्हणतात. जुना निष्कर्ष पुन्हा काढून दाखवायचा असेल, तर तो उत्तम आहे. कायमचा उपाय म्हणून मला तो पटत नाही. इंटेलसाठीचा डबा एआरएमवर चालवायचा, तर मध्ये नक्कल करणारा थर लागतो, आणि असे थरही कधीतरी बंद होतात, हे रोझेटाच्या बाबतीत दिसतंच आहे.

## आर वापरणाऱ्याने काय करावं?

मशीन बदलण्याआधी महत्त्वाच्या कामांची उत्तरं जतन करून ठेवा आणि नव्या मशीनवर पडताळा. अपूर्णांक तंतोतंत सारखे आहेत का, असं विचारू नका. आरमध्ये 'ऑल इक्वल' नावाचं फंक्शन आहे, ते ठरावीक सूक्ष्म फरक सोडून देऊन तुलना करतं. आरची आवृत्तीही लिहून ठेवा, कारण काही फरक चिपमुळे नसतात. यादृच्छिक नमुना निवडणाऱ्या 'सॅम्पल'ची पद्धत एप्रिल २०१९ च्या ३.६.० आवृत्तीत सुधारली गेली. त्यामुळे तोच बीजांक (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) देऊनही जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगळा नमुना येतो. शब्दांची क्रमवारीही मशीनच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे बदलते.

एवढं करूनही उत्तर जुळलं नाही, तर कोड छाटत छाटत इतका लहान करा, की दुसऱ्याला तो आपल्या मशीनवर चिकटवून लगेच तोच फरक पाहता येईल. चाचणीपुरती चार आकड्यांची माहिती त्यातच लिहा, 'सेशन इन्फो' या फंक्शनने दिलेली आवृत्ती, चिप आणि लायब्ररीची माहिती सोबत जोडा. पॅकेज न वापरताही फरक दिसत असेल तर तो आरच्या बग नोंदवहीत जातो, पॅकेज वापरल्यावरच दिसत असेल तर त्या पॅकेजाच्या लेखकाकडे.